परदेशातला परवाना, सेबीचे पत्र आणि अडकलेले पैसे

वाचकाचे पत्र : मी परभणी जिल्ह्यातील सेलू तालुक्यात राहणारा, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेला शिक्षक आहे. निवृत्तीच्या रकमेतील काही भाग एका मल्टिस्टेट सोसायटीत अडकला. उरलेला पैसा तरी भक्कम ठिकाणी असावा, म्हणून ओळखीच्या एका गृहस्थांनी सुचवलेल्या परदेशी ट्रेडिंग ॲपवर टप्प्याटप्प्याने ६ लाख ४० हजार रुपये भरले. शेवटचा भरणा आठ दिवसांपूर्वीचा आहे. कंपनीने सायप्रसच्या नियामकाचा परवाना आणि मॉरिशसचे नोंदणीपत्र व्हॉट्सॲपवर पाठवले होते. ॲपवर आज १९ लाख दिसतात, पण काढायला गेलो की ‘आधी १८ टक्के कर भरा’ असे सांगतात. पैसे मी यूपीआयने आणि आरटीजीएसने, दर वेळी वेगळ्या भारतीय बँक खात्यात भरले. पुण्याला असलेला पुतण्या म्हणतो की जगभरच्या शेअर बाजार नियामकांचा आपसांत करार आहे. सेबीला अर्ज केला की ते सायप्रसला लिहून पैसे आणून देतात. हे खरे आहे का? कर भरावा का? तक्रार कुठे करावी?

उत्तर :

आदरणीय गुरुजी, सप्रेम नमस्कार.

आपल्या तीन प्रश्नांपैकी मधला सर्वांत तातडीचा आहे, म्हणून त्याचे उत्तर आधी देतो. तो ‘कर’ भरू नका. एक रुपयाही भरू नका. नफ्यावरचा प्राप्तिकर आपल्याकडे एक तर नियमाप्रमाणे कापला जातो किंवा करदाता स्वतः चलनाने सरकारी खात्यात भरतो. स्वतःचे पैसे काढण्यापूर्वी कराची रक्कम एखाद्या खाजगी खात्यात जमा करावी, अशी तरतूद कोणत्याही कायद्यात नाही. हे उत्तर वाचून होताच सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठी असलेल्या १९३० या क्रमांकावर फोन करा आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे तक्रार पोर्टलवर तक्रार नोंदवून तिचा क्रमांक लिहून ठेवा. बाकीचे नंतर सावकाश वाचलेत तरी चालेल.

आता पुतण्याच्या म्हणण्याविषयी. करार आहे, हे त्याचे म्हणणे खरे आहे, आणि तो करार किरकोळही नाही. रोखे बाजारांवर देखरेख करणाऱ्या देशोदेशीच्या नियामकांची आयोस्को नावाची आंतरराष्ट्रीय संघटना १९८३ मध्ये आजच्या रूपात आली; तिचे सचिवालय स्पेनमधील माद्रिद येथे आहे. सप्टेंबर २००१ मधील अमेरिकेवरील हल्ल्यानंतर, देशांच्या सीमा ओलांडून फिरणाऱ्या पैशाचा माग काढण्याची निकड सर्वांनाच जाणवली आणि २००२ मध्ये या संघटनेने माहितीच्या देवाणघेवाणीसाठी एक बहुपक्षीय सामंजस्य करार तयार केला. सेबीने तो २००३ मध्ये स्वीकारला. सायप्रस आणि मॉरिशस या दोन्ही देशांचे नियामकही त्यात आहेत. त्याआधी मार्च १९९८ मध्ये सेबीने अमेरिकेच्या रोखे बाजार नियामकाशी स्वतंत्र द्विपक्षीय करार केलेला होता. आणि परदेशी नियामकांकडून माहिती मागवण्याचा व त्यांना ती देण्याचा सेबीचा अधिकार २०१४ च्या दुरुस्तीने सेबी कायद्याच्या कलम ११ मध्ये स्पष्ट शब्दांत घातला गेला, तोही ६ मार्च १९९८ पासून लागू आहे असे मानून.

या करारातून नेमके काय मिळते, हे समजून घेतले तर आपल्या प्रकरणात काय मिळणार नाही हेही आपोआप उलगडेल. एका देशाचा नियामक तपास करत असताना दुसऱ्या देशाच्या नियामकाला लेखी विनंती पाठवतो. त्या विनंतीत घटना काय घडली, कोणता कायदा मोडला गेल्याचा संशय आहे, कोणावर संशय आहे, कोणती कागदपत्रे हवीत आणि ती कशासाठी, हे सगळे मांडावे लागते. विनंती आलेला नियामक मग आपल्या देशातील अधिकार वापरून व्यवहारांच्या नोंदी मिळवतो, बँक खात्यात आणि दलालाकडच्या खात्यात आलेल्या-गेलेल्या पैशाचा हिशेब मिळवतो, खात्यामागचा खरा मालक कोण ते शोधतो आणि गरज पडल्यास जबाबही नोंदवतो. विनंतीतले वर्तन आपल्या देशात गुन्हा ठरत नाही, एवढ्याच कारणावरून त्याला मदत नाकारता येत नाही. फौजदारी प्रकरणांतील देशादेशांमधल्या मदतीत पुष्कळदा याच मुद्द्यावर घोडे अडते, म्हणून ही तरतूद मला फार मोलाची वाटते.

आपल्या तहसीलदारांनी दुसऱ्या जिल्ह्यातील तहसीलदारांकडून एखाद्या गटाचा सातबारा आणि फेरफाराची नक्कल मागवावी, तसे हे काम आहे. नक्कल येते आणि तिच्या जोरावर निर्णयही देता येतो, पण जमिनीचा ताबा त्या नकलेसोबत येत नाही.

या देवाणघेवाणीचे मोल एका प्रकरणातून चांगले दिसते. काही वर्षांपूर्वी भारतातील बऱ्याच लहान-मध्यम कंपन्यांनी परदेशात जीडीआर, म्हणजे त्यांच्या शेअरवर आधारलेल्या पावत्या, विकून कोट्यवधी रुपये उभे केल्याचे जाहीर केले. परदेशी गुंतवणूकदारांचा कंपनीवर विश्वास आहे, असे समजून इथल्या सामान्य भागधारकांनी शेअर धरून ठेवले किंवा नव्याने घेतले. प्रत्यक्षात त्यांतील काही प्रकरणांत त्या पावत्या घेणारा एकच होता, त्यासाठी त्याने परदेशी बँकेकडून कर्ज काढले होते आणि त्या कर्जाला तारण म्हणून कंपनीने स्वतःला मिळालेली तीच रक्कम त्याच बँकेत गहाण ठेवली होती. पैसा कंपनीकडे आला असे दिसत होते, पण तो तिला वापरता येत नव्हता. पुढे त्या पावत्यांचे शेअरमध्ये रूपांतर होऊन ते आपल्या बाजारात विकले जात. मुंबईत बसून हे कधीच कळले नसते, कारण कर्जाचा आणि तारणाचा करार परदेशातील बँकेच्या कपाटात होता. परदेशी नियामकांमार्फत ती कागदपत्रे हाती आली तेव्हा सेबीला एकामागून एक आदेश काढता आले. पावत्या परदेशात विकल्या गेल्या असल्या तरी परिणाम भारतीय गुंतवणूकदारांवर होत असल्याने सेबीला अधिकार आहे, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये पॅन एशिया ॲडव्हायझर्स प्रकरणात दिला.

याच वाटेची दुसरी बाजूही आपण जाणून घ्यावी. अदानी समूहातील कंपन्यांच्या किमान सार्वजनिक भागधारणेच्या, म्हणजे ठरावीक हिस्सा सामान्य भागधारकांकडे असण्याच्या नियमाच्या, तपासाविषयी सेबीने मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात जे प्रतिज्ञापत्र दिले, त्यात ११ परदेशी नियामकांकडे याच करारान्वये माहिती मागितल्याचे आणि त्यांतील पहिली विनंती ६ ऑक्टोबर २०२० रोजी गेल्याचे नमूद आहे. त्या तपासाचे गुणदोष हा आपला विषय नाही; पण पहिली विनंती गेल्यानंतर अडीच वर्षांहून अधिक काळ लोटला तरी तपास चालूच होता, एवढी गोष्ट आपल्यासारख्या तक्रारदाराने ध्यानात ठेवावी. विनंती एका टेबलावरून दुसऱ्यावर जाते, भाषांतरे होतात, परदेशी बँक मुदतवाढ मागते, मिळालेल्या कागदावर दुसऱ्याच देशातील कंपनीचे नाव निघते आणि विनंती पुन्हा नव्याने करावी लागते.

आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने निर्णायक असलेले कलम पुढचे आहे. हा करार नियामकांमधला आहे आणि त्यातून कोणत्याही खाजगी व्यक्तीला माहिती मिळवण्याचा हक्क मिळत नाही, असे त्यात स्पष्ट लिहिलेले आहे. कोणत्या प्रकरणात परदेशी लिहायचे ते सेबी ठरवते. शिवाय हा मार्ग पुराव्याचा आहे, वसुलीचा नाही. २०१७ मध्ये आयोस्कोने या कराराची अधिक व्यापक आवृत्ती आणली. तिच्यात लेखापरीक्षकांची कागदपत्रे, टेलिफोन आणि इंटरनेटच्या नोंदी, साक्षीसाठी हजर राहण्याची सक्ती आणि मालमत्ता गोठवण्याबाबतचे साहाय्य यांचा समावेश झाला. परंतु गोठवलेली मालमत्ता सेलूच्या एका खातेदाराला परत करणे हे काम त्या आवृत्तीतही नाही. ते न्यायालयांचे काम आहे.

आता आपल्या हातातल्या परवान्याकडे वळू. तो कागद मी पाहिलेला नाही, तरी आपण लिहिलेल्या खुणा एकाच दिशेने बोट दाखवतात. सायप्रसमध्ये खरोखर परवाना असलेली कंपनी परभणीच्या ग्राहकाकडून दर वेळी वेगळ्या माणसाच्या भारतीय खात्यात पैसे घेणार नाही. खऱ्या, परवानाधारक कंपनीचे नाव, पत्ता आणि परवाना क्रमांक जसाच्या तसा उचलून भलत्याच लोकांनी ॲप चालवण्याचा प्रकार जगभर सुरू आहे. ब्रिटनचा नियामक अशा टोळ्यांना ‘क्लोन फर्म’ म्हणतो. पडताळणीचा मार्ग सोपा आहे. सायप्रसच्या नियामकाच्या संकेतस्थळावर प्रत्येक परवानाधारक कंपनीच्या नावापुढे तिला मंजूर असलेले संकेतस्थळांचे पत्ते दिलेले असतात. आपल्या ॲपचा किंवा संकेतस्थळाचा पत्ता त्या यादीत अक्षरशः तसाच आहे का, हे पुतण्याला पाहायला सांगा. मॉरिशसच्या वित्तीय सेवा आयोगाची नोंदवहीही सर्वांना खुली आहे. एक गोष्ट इतर वाचकांसाठीही सांगतो : कंपनी म्हणून झालेली नोंदणी आणि व्यवसायाचा परवाना या दोन निरनिराळ्या बाबी आहेत. सेंट व्हिन्सेंट अँड द ग्रेनेडाइन्स या कॅरिबियन बेटांच्या नियामकाने तर आपण परकीय चलनाच्या दलालांना परवाने देतच नाही, असे जाहीरपणे सांगितलेले आहे, आणि तरीही तिथले नोंदणीपत्र ‘परवाना’ म्हणून भारतात दाखवले जाते.

समजा परवाना खरा निघाला, तरीही ती सुरक्षिततेची हमी नव्हती. अशा कंपन्या विकतात ते सीएफडी नावाचे करार, म्हणजे वस्तू न घेता केवळ तिच्या भावातील फरकावर केलेले सौदे, उसन्या पैशाच्या जोरावर चालतात. युरोपच्या रोखे बाजार प्राधिकरणाने २०१८ मध्ये त्यांच्यावर निर्बंध घालताना सांगितले होते की किरकोळ ग्राहकांच्या ७४ ते ८९ टक्के खात्यांत तोटाच होतो. सायप्रसचा परवाना युरोपीय संघातील व्यवसायासाठी असतो. भारतात भारतीयांकडून पैसे गोळा करण्याची मुभा तो देत नाही. इथे रोखे बाजारातील मध्यस्थ म्हणून काम करायचे तर सेबी कायद्याच्या कलम १२ प्रमाणे सेबीचीच नोंदणी लागते.

म्हणून परवाना खोटा असेल, आणि मला तो तसाच वाटतो, तर आंतरराष्ट्रीय सहकार्याच्या वाटेवर पहिलीच अडचण अशी येईल की सायप्रसच्या नियामकाच्या दप्तरात या लोकांविषयी एकही कागद नसेल. माहितीची देवाणघेवाण कितीही चांगली असली तरी दप्तरात नसलेली माहिती कोणी देऊ शकत नाही. आपल्या प्रकरणात कागद आहे तो इथे : आपल्या पासबुकात, यूपीआयच्या पावत्यांत, आरटीजीएसच्या यूटीआर क्रमांकांत (प्रत्येक व्यवहाराला बँकेने दिलेल्या ओळख क्रमांकांत) आणि ज्यांच्या नावावर पैसे गेले त्या भारतीय खात्यांच्या केवायसीत. ही खाती बहुधा थोड्या कमिशनसाठी दुसऱ्याला वापरायला दिलेली असतात. १९३० वरील तक्रार थेट बँकांपर्यंत पोहोचते आणि त्या खात्यांत किंवा पुढच्या टप्प्यावरच्या खात्यांत जी रक्कम शिल्लक असेल ती रोखून धरता येते. पहिल्या काही तासांत तक्रार झाली तर यश अधिक. आठ दिवसांनी ते कमी होते, पण संपत नाही. रोखलेली रक्कम पुढे न्यायालयाच्या आदेशाने तक्रारदाराला मिळू शकते. त्यामुळे सेबीच्या उत्तराची वाट पाहत हे काम लांबवू नका.

पोलीस ठाण्यात ‘हे आमच्या हद्दीत येत नाही’ असे उत्तर मिळाले, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ कडे नम्रपणे लक्ष वेधा. दखलपात्र गुन्ह्याची खबर, तो कुठेही घडलेला असो, नोंदवून घ्यावी असे ते कलम सांगते. तक्रार शक्यतो परभणीच्या सायबर पोलीस ठाण्यात, सगळी कागदपत्रे सोबत घेऊन स्वतः द्या. परदेशातील आरोपींपर्यंत पोहोचण्याचा पोलिसांचा मार्ग वेगळा आहे. तो केंद्रीय गृह मंत्रालयामार्फत देशादेशांमधील कायदेशीर साहाय्याच्या करारांवरून जातो. पण त्याची सुरुवातही याच तक्रारीतून होते.

सेबीला मात्र जरूर कळवा. स्कोअर्स हे सेबीचे तक्रार पोर्टल सूचीबद्ध कंपन्या आणि नोंदणीकृत मध्यस्थ यांच्यासाठी आहे, त्यामुळे या कंपनीचे नाव तिथे सापडणार नाही. गोंधळून जाऊ नका. १८०० २६६ ७५७५ या निःशुल्क मदतवाहिनीवर विचारून अनोंदणीकृत संस्थेविरुद्धची माहिती म्हणून लेखी पाठवा. ॲपवर शेअरचे व्यवहार दाखवत नसून डॉलर-युरो किंवा सोन्याच्या भावावर पैज लावल्यासारखे व्यवहार दाखवत असतील, तर विषय रिझर्व्ह बँकेकडेही जातो. तिने सप्टेंबर २०२२ पासून परकीय चलनाच्या अनधिकृत मंचांची सावधानसूची प्रसिद्ध केली आहे, तीही पाहा. सायप्रसच्या नियामकाला इंग्रजीत स्वतंत्र पत्र पाठवा. त्यासाठी त्या देशाचे नागरिक असण्याची गरज नाही. या पत्राने पैसे येतीलच असे नाही, पण ज्या खऱ्या कंपनीचे नाव वापरले गेले तिला कळेल आणि सार्वजनिक इशारा निघू शकेल. निरनिराळ्या देशांच्या नियामकांनी दिलेले असे इशारे एकत्र शोधता यावेत म्हणून आयोस्कोने २०२५ मध्ये आय-स्कॅन नावाची सोय सुरू केली. तिथे एखाद्या देशाने या ॲपविषयी आधीच इशारा दिला आहे का ते तपासा आणि सापडल्यास त्याची प्रत पोलिसांच्या तक्रारीला जोडा. तपास अधिकाऱ्याच्या दृष्टीने त्या एका पानाला मोठे वजन असते.

पत्र लिहिताना व्यथा थोडक्यात आणि तपशील सविस्तर द्या. तारीख, रक्कम, आपले खाते, समोरचे खाते व त्यावरील नाव, यूटीआर क्रमांक, ॲपचा पूर्ण पत्ता, ज्या क्रमांकांवरून संदेश आले ते क्रमांक, आणि परवान्याच्या कागदाची मूळ फाइल. व्हॉट्सॲपवरील संभाषण पुसू नका, समोरच्याला ब्लॉक करण्यापूर्वी ते एक्स्पोर्ट करून ठेवा आणि ॲप काढून टाकू नका. दुसऱ्या देशाला पाठवायच्या विनंतीत नियामकाला जे लिहावे लागते ते नेमके हेच असते. ज्या तक्रारीत हा तपशील नसतो, ती कितीही खरी असली तरी तिच्यावरून पुढे काही मागता येत नाही.

एक अवघड गोष्टही सांगितली पाहिजे. उदारीकृत प्रेषण योजनेखाली निवासी भारतीयाला वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत रक्कम परदेशी पाठवता येते, पण ती अधिकृत बँकेमार्फत. आणि परदेशी मंचावर मार्जिन, म्हणजे सौद्याच्या रकमेचा थोडाच भाग अनामत म्हणून, भरून परकीय चलनाचे व्यवहार करण्यास त्यात परवानगी नाही. आपण पैसे भारतीय खात्यांतच भरले आणि आपली फसवणूक झाली, ही आपली बाजू आहे. तरीही तक्रारीत व्यवहाराचे स्वरूप लपवू नका, आणि जबाब देण्यापूर्वी फेमा, म्हणजे परकीय चलन व्यवस्थापन कायदा, जाणणाऱ्या सनदी लेखापालांशी किंवा वकिलांशी एकदा बोला. केवळ या भीतीपोटी तक्रार न करणारी माणसे आपल्या भागात पुष्कळ आहेत, आणि त्यांच्या गप्प बसण्याचा फायदा या टोळ्यांना मिळतो. ज्या ओळखीच्या गृहस्थांनी हे ॲप सुचवले, त्यांचेही पैसे बहुधा अडकलेले असतील. त्यांनाही स्वतंत्र तक्रार करायला सांगा. मल्टिस्टेटमध्ये एकदा पोळल्यावर आपण दूरच्या देशाच्या शिक्क्यावर विश्वास ठेवलात, यात आपला हव्यास नव्हता. या प्रसंगाने घरात कोणी आपल्याला बोल लावत असेल, तर हे वाक्य त्यांना वाचून दाखवा.

येत्या काही आठवड्यांत आपल्याला आणखी फोन येण्याची शक्यता मोठी आहे. ‘सेबीतून बोलतोय’, ‘आयोस्कोच्या वसुली विभागातून बोलतोय’, ‘सायप्रसच्या नियामकाने आपली भरपाई मंजूर केली आहे, प्रक्रियाशुल्क भरा’ अशा नावांनी तेच लोक किंवा त्यांच्याकडून याद्या विकत घेतलेले दुसरे लोक पुन्हा येतात. आयोस्को कोणाही व्यक्तीचे पैसे वसूल करून देत नाही आणि कोणताही नियामक भरपाईसाठी शुल्क मागत नाही. असा प्रत्येक क्रमांक आपल्या मूळ तक्रारीच्या क्रमांकाचा उल्लेख करून पोलिसांना कळवा.

शेवटी, सेबीने खरोखरच सायप्रसला लिहिले तर ते आपल्याला कळेल का, हे आपण विचारलेले नाही, पण पुढे मनात येईलच. बहुधा कळणार नाही. करारान्वये विनंती आणि तिला आलेले उत्तर, दोन्ही गोपनीय राहतात व ठरलेल्या कारणासाठीच वापरता येतात. माहितीच्या अधिकारात अर्ज केलात तरी चालू तपासाच्या कारणावरून ती नाकारली जाण्याचीच शक्यता अधिक. उत्तर आले नाही म्हणजे कोणी काही केले नाही, असा अर्थ त्यावरून काढू नका. पाठपुरावा करायचा तो पोलीस तक्रारीचा आणि बँकेने रोखलेल्या रकमेचा करा : दर पंधरा दिवसांनी, लेखी, आणि पोच घेऊन.